वणव्यानंतरचा पाऊस आणि नकाशा

मराठींत एक जुनी म्हण आहे : आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं. जेथें संकट आहे तेथें साहाय्य न पोंचतां तें भलत्याच ठिकाणीं धांवून गेलें, म्हणजे लोक ही म्हण उच्चारतात. डोंगरावरील वणव्याच्या बाबतींत तर ती स्थळाप्रमाणें काळासही लागू पडते. वणवा विझला कीं संकट संपलें असें सर्वांस वाटतें आणि माणसें घरोघर परततात. परंतु खरें संकट पुढेंच असतें. आग गवत नेते, आणि मागून येणारा पाऊस माती नेतो. गवत पुढच्या वर्षीं पुन्हां उगवतें. गेलेली माती मात्र नातवाच्या आयुष्यांतही भरून येत नाहीं. ही माती कोणत्या उतारावरून जाण्याचा संभव आहे, हें पाऊस येण्यापूर्वींच सांगूं शकणारें एक साधन आज उपलब्ध आहे. तें साधन म्हणजे नकाशा. उपग्रहाच्या डोळ्यानें पाहिलेला आणि संगणकाच्या साहाय्यानें थरावर थर रचून तयार केलेला नकाशा. बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशांत अशा नकाशाचा उपयोग कसा होतो, तो किती विश्वसनीय असतो, आणि त्याच्या भरंवशावर काय करावें व काय करूं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

बीड जिल्हा म्हटला कीं परस्थ माणसाच्या डोळ्यांपुढें सपाट, काळी, कपाशीची जमीन उभी राहते. हें चित्र अर्धेंच खरें आहे. जिल्ह्याच्या उत्तरसीमेवर गोदावरी वाहते आणि गेवराई-माजलगांवाकडील जमीन सखल व काळी आहे, यांत शंका नाहीं. परंतु जिल्ह्याच्या अंगांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे बालाघाटची रांग गेलेली आहे. पाटोदा, बीड, केज, धारूर, अंबाजोगाई या तालुक्यांतील पुष्कळ गांवें या डोंगराच्या माथ्यावर, उतारावर किंवा कुशींत वसलेलीं आहेत. मांजरा नदी पाटोदा तालुक्यांत याच रांगेंत उगम पावते; सिंदफणा आणि बिंदुसरा याच डोंगराचें पाणी घेऊन गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतात. सिंदफणेवर माजलगांवचें धरण आहे, मांजरेवर धनेगांवचें आहे, आणि बिंदुसरेवर बीड शहराच्या वरच्या अंगास पाली गांवाजवळ तलाव आहे. तेव्हां बालाघाटच्या उतारावर जें घडतें, तें शेवटीं या जलाशयांच्या तळाशीं येऊन बसतें.

हा डोंगर लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. नदीकांठीं जी माती पुरुषभर खोल लागते, तीच माथ्यावर व उतारावर कोठें वीतभर, तर कोठें चार बोटेंच असते. तिच्या खालीं मुरूम, आणि मुरुमाखालीं खडक. या चार बोटें मातीवरच कुसळ, पवन्या, मारवेल हीं गवतें, बोर, बाभूळ, हिवर हीं झाडें, आणि धारूरच्या बाजूचीं तीं सीताफळें उभीं आहेत. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें या खडकाळ भूमीच्याच देणगीमुळें. जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें १०,७०० चौरस किलोमीटर आहे. त्यांत वनाच्छादित भूमि शेकडा तिनाहूनही कमी. पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य, १९९४ सालीं घोषित झालेलें, हें सुमारें तीस चौरस किलोमीटरांचें आहे. बीड शहराजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई उभी करण्यांत आली, आणि तेथें २०२० च्या फेब्रुवारींत वृक्षसंमेलन भरून एका वटवृक्षास त्याचें अध्यक्षपद देण्यांत आलें. ज्या जिल्ह्यांत वन इतकें थोडें, तेथें एका रात्रीच्या वणव्याची किंमत इतरांहून मोठी असते, हें निराळें सांगावयास नको.

वणव्याचा हंगाम माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. या दिवसांत कुसळ वाळून सोन्यासारखें पिवळें झालेलें असतें, आणि वाऱ्याच्या एका झुळुकेसरशीं ठिणगी मैलभर पळते. आपल्याकडील बहुतेक वणवे आकाशांतून पडत नाहींत. ते माणसाच्या हातून लागतात. कोणी विडी टाकतो, कोणी बांध पेटवितो आणि आग डोंगरावर चढते, कोणी मुद्दामच गवत जाळतो. जाळल्यावर पहिल्या पावसानंतर कोंवळें गवत लौकर फुटतें, असा गुराख्यांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाहीं. राखेंतील क्षार मिळाल्यामुळें व वाळलेल्या काड्यांचें ओझें गेल्यामुळें नवे कोंब खरोखरच लौकर वर येतात. परंतु या लाभाची किंमत मातींतून चुकवावी लागते, ही गोष्ट त्या अनुभवांत दिसत नाहीं. कारण माती एका दिवसांत जात नाहीं आणि जातांना आवाजही करीत नाहीं.

ती कशी जाते, हें समजून घेण्यासाठीं पावसाच्या एका थेंबाकडे पाहावें. जोराच्या सरींतील टपोरा थेंब चार-पांच मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि जमिनीवर आदळतांना त्याचा वेग सेकंदास सुमारें नऊ मीटर, म्हणजे तासास तीस किलोमीटरांहून अधिक असतो. गवत उभें असलें म्हणजे हा थेंब पात्यावर फुटतो आणि त्याचें तुषार होऊन खालीं उतरतात. जमिनीवरचा पालापाचोळा तें पाणी टिपकागदाप्रमाणें शोषतो, आणि गवताचीं बुडें वाहत्या पाण्यास पावलोपावलीं अडवितात. वणव्यानंतर हीं तिन्ही संरक्षणें एकदमच नाहींशीं होतात. थेंब उघड्या मातीवर हातोड्यासारखा बसतो, मातीचे कण उडवितो. ते कण आणि बारीक राख मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, आणि वर एक पातळ पापुद्रा धरतो. मग जें पाणी मुरावयाचें तें वाहूं लागतें. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ति चौपट होते. म्हणून उताराच्या माथ्यावर जी केवळ ओल असते, ती पायथ्याशीं येईपर्यंत घळ पाडण्याइतकी बलवान् होते.

येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. वणवा एकच असला तरी त्याची धग सर्वत्र सारखी नसते. निवळ गवताची आग कांहीं क्षणांत पुढें निघून जाते. मातींत तिची ऊब फार खोल उतरत नाहीं, आणि गवताचीं मुळें जिवंत राहतात. जेथें झुडपांची दाटी असते किंवा ओंडका पडलेला असतो, तेथें आग तासन्‌तास धुमसते. तेथें राख काळी न राहतां पांढरी होते, मातींतील जैव द्रव्य जळून जातें, आणि वनस्पतींतील मेणासारखीं द्रव्यें वाफ होऊन खालच्या थंड थरांत थिजतात. त्यामुळें पाणी न शोषणारा एक थर मातीखालीं तयार होतो. चीडसारख्या तैलयुक्त वृक्षांच्या अरण्यांत व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील झुडपांच्या रानांत हा प्रकार विशेष आढळतो. कॅलिफोर्नियांत डिसेंबर २०१७ मध्यें ‘थॉमस’ या नांवानें ओळखला जाणारा प्रचंड वणवा लागला. त्याची राख निवते न निवते तोंच ९ जानेवारी २०१८ च्या पहांटे जोराचा पाऊस झाला, आणि जळलेल्या डोंगरांवरून चिखल व धोंडे यांचा लोंढा मॉन्टेसिटो या गांवावर येऊन २३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विशेष हें कीं, दग्ध भूमीचे नकाशे तेथें आधींच तयार झालेले होते, आणि लोंढा कोणत्या नाळींतून येण्याचा संभव आहे हें त्यांवर दाखविलेलेंही होतें. तरी पुष्कळ कुटुंबें घरींच राहिलीं होतीं. नकाशा असणें ही एक गोष्ट आणि नकाशाप्रमाणें वागणें ही दुसरी, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

बालाघाटचे डोंगर तितके उंच व उभे नाहींत, आणि येथील आग बहुतांशीं गवताची असते; म्हणून मॉन्टेसिटोसारख्या लोंढ्याचें भय येथें सहसा नसतें. येथील हानि निःशब्द आहे. एका हेक्टरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर ती दहा घनमीटर माती होते, आणि तिचें वजन सुमारें तेरा टन भरतें. एक मिलिमीटर म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जाडीहूनही कमी. तो गेल्याचें डोळ्यांस कळत नाहीं. ध्रुव नारायण आणि राम बाबू या दोन शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं भारतांतील मातीच्या धुपेचा जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें देशांत दर हेक्टरामागें वर्षास सरासरी १६ टनांहून थोडी अधिक माती जागा सोडते. तींतील सुमारें शेकडा दहा जलाशयांत जाऊन बसते आणि शेकडा एकोणतीस कायमची समुद्रास मिळते. ज्या डोंगरावर मुळांत माती चार बोटें, तेथें असें किती वर्षें चालूं शकेल, याचा हिशेब शाळेंतील मुलासही करतां येईल.

आतां प्रश्न असा कीं, शेंकडों हेक्टर जळालेल्या डोंगरावर माणसानें धांवावें तरी कोठें ? मनुष्यबळ थोडें, पैसा थोडा, आणि दिवस तर त्याहूनही थोडे. मार्चमध्यें वणवा लागला तर मृगाच्या सरी येईपर्यंत फार तर तीन महिने हातीं असतात. वळवाचा पाऊस त्यापूर्वींच गांठण्याचा संभव असतो. नकाशाचें काम येथें सुरू होतें. तो चार प्रश्नांचीं उत्तरें एकावर एक ठेवून पाहतो : कोठें आणि किती जळलें ? तेथें उतार किती ? माती कोणती ? आणि पाऊस कसा पडतो ? स्वयंपाकघरांत पारदर्शक कागदाच्या चार चकत्यांवर निरनिराळ्या रंगांचे डाग काढून त्या एकावर एक ठेवल्या, तर जेथें चारही डाग एकत्र येतात तेथें रंग सर्वांत गडद दिसेल. धोक्याचा नकाशा म्हणजे याहून निराळें कांहीं नाहीं. चकत्यांच्या जागीं संगणकांतील थर असतात, एवढाच फरक.

पहिली चकती जळलेल्या भूमीची. युरोपीय संस्थेचे सेंटिनेल-२ या मालिकेंतील उपग्रह २०१५ पासून पृथ्वीभोंवतीं फिरत आहेत, आणि दोन उपग्रहांच्या जोडीमुळें एकाच जागेचें चित्र साधारणतः दर पांच दिवसांनीं मिळतें. भारताचे रिसोर्ससॅट उपग्रहही असेंच काम करतात. हे उपग्रह डोळ्यांस दिसणाऱ्या रंगांबरोबरच तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. हिरवें पान निकटच्या अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग परत फेंकतें, आणि त्यांतील पाण्याच्या अंशामुळें दूरच्या अवरक्ताचा पुष्कळ भाग गिळून टाकतें. जळालेल्या भूमीचें याच्या उलट होतें. समजा, झुडपांच्या एका उतारानें वणव्यापूर्वीं निकट अवरक्ताचे शंभरांपैकीं ३० भाग परत पाठविले आणि दूरच्या अवरक्ताचे २०. या दोहोंची वजाबाकी १०, बेरीज ५०. एकास दुसऱ्यानें भागलें तर ०.२० येतात. वणव्यानंतर तेच आंकडे १५ आणि २५ झाले, तर वजाबाकी उणे १०, बेरीज ४०, आणि भागाकार उणे ०.२५. पूर्वीचा आंकडा व नंतरचा आंकडा यांतील अंतर ०.४५. हें अंतर जितकें मोठें, तितका दाह तीव्र. असा हिशेब वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनासाठीं निराळा होतो. नायगांवच्या अभयारण्याएवढ्या भूमींत असे सुमारें ७५ हजार चौकोन पडतात. माणसानें पायीं फिरून जें महिन्यांत होणार नाहीं, तें संगणक कांहीं मिनिटांत करून देतो.

दुसरी चकती उताराची. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर समान उंचीचीं स्थळें जोडणाऱ्या रेषा असतात. त्या जेथें दाट, तेथें उतार तीव्र, हें शाळेंत सर्वांनीं शिकलेलें आहे. भारतानें ५ मे २००५ रोजीं कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढें पाहणारा व एक मागें पाहणारा. माणसास दोन डोळ्यांमुळें खोलीचें ज्ञान होतें. त्याचप्रमाणें या दोन चित्रांवरून डोंगराची उंची काढण्यांत आली, आणि तो उंचीचा नकाशा हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रानें ‘भुवन’ या संकेतस्थळावर सर्वांस खुला केला. तिसरी चकती मातीची. नागपूर येथें १९७६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्था मातीचे नकाशे तयार करीत आली आहे. चवथी पावसाची, तिच्यासाठीं हवामानखात्याच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी असतात. तेथें वर्षाचा एकूण पाऊस पाहून भागत नाहीं. तो किती जोरानें पडतो, हें पाहावें लागतें. रिमझिम पडणारे पन्नास मिलिमीटर माती भिजवितात, आणि एका तासांत कोसळणारे पन्नास मिलिमीटर ती वाहून नेतात.

या चकत्या जोडणारें सूत्र नवें नाहीं. विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं शेतांतील प्रयोगांच्या दहा हजारांहून अधिक वार्षिक नोंदी पाहून १९६५ सालीं तें मांडलें, आणि पुढें त्यांत सुधारणा होत गेल्या. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचें आच्छादन, आणि बांधबंदिस्ती, यांपैकीं प्रत्येकास एक आंकडा द्यावयाचा व त्यांचा गुणाकार करावयाचा. गुणाकार म्हटल्यामुळें एक महत्त्वाची गोष्ट घडते : एक आंकडा वाढला कीं सर्व उत्तर त्याच्या पटीनें वाढतें. सुधारलेल्या सूत्राप्रमाणें शंभरास पांच असा उतार शंभरास वीस झाला, तर उतार चौपट होतो. परंतु धूप जवळ जवळ पांचपट होते. आणि वणवा या पांचांपैकीं मुख्यतः एकच आंकडा बदलतो, तो आच्छादनाचा. पाऊस माणसाच्या हातीं नाहीं, उतार नाहीं, मातीची जातही नाहीं. हातीं राहतात तें आच्छादन आणि ती बांधबंदिस्ती. नकाशा माणसास हेंच सांगत असतो कीं, जेथें पहिले तीन आंकडे मोठे आहेत, तेथें शेवटच्या दोहोंची काळजी आधीं घे.

परंतु जो नकाशा आकाशांतून पाहतो, तो आकाशांतूनच चुकतोही. बीड जिल्ह्यांत नांगरलेली काळी जमीन आणि उघडा काळा पाषाण हे दोन्ही चित्रांत जळाल्यासारखे दिसतात. फेब्रुवारी-मार्चांतील कुसळ आधींच वाळलेलें असल्यामुळें, तें जळण्यापूर्वींचा आणि जळाल्यानंतरचा आंकडा यांत फारसें अंतर पडत नाहीं. आग खरी, परंतु नकाशावर तिचा रंग फिका. अमेरिकेंतील सूचिपर्णी अरण्यांसाठीं ठरविलेल्या तीव्रतेच्या पायऱ्या येथें जशाच्या तशा लावल्या, तर बालाघाटचा बहुतेक वणवा ‘सौम्य’ ठरेल, आणि माती तर जातच राहील. तिसरी अडचण काळाची. गवताच्या आगीचा काळा डाग वाऱ्यानें राख उडून थोड्याच आठवड्यांत पुसट होतो. म्हणून चित्र लौकर घेतलें पाहिजे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांनीं टिपलेल्या आगींच्या सूचना वनखात्यास पुरवीत आहे. त्या सूचनांवरून तारीख व स्थळ कळतें. परंतु उसाचें पाचट आणि कपाशीची पळाटी पेटविलेलीही उपग्रहास आगच दिसते. ती शेतांतील कीं डोंगरावरील, हें ठिकाण पाहूनच ठरवावें लागतें.

म्हणून नकाशा हातीं आल्यावर वनरक्षकानें व गांवच्या जाणत्या माणसांनीं तो घेऊन डोंगर चढला पाहिजे. तेथें करावयाच्या परीक्षा अगदीं साध्या आहेत. राख काळी आहे कीं पांढरी, तें पाहावें. बोटानें माती उकरून गवताचीं मुळें ओढून पाहावीं. तीं चिवट असलीं तर तीं जिवंत आहेत, आणि हाताशीं चुरलीं तर मेलीं. पेलाभर पाणी मातीवर ओतावें. तें लागलीच जिरलें तर बरें, परंतु अळवाच्या पानावरल्याप्रमाणें त्याचे मोती झाले, तर पहिल्या पावसाचेंही तसेंच होणार हें जाणावें. कोणती घळ दर पावसाळ्यांत मोठी होत आहे, हें मेंढपाळास उपग्रहाहून अधिक ठाऊक असतें. या परीक्षांच्या नोंदी नकाशावर चढविल्या म्हणजे तो खऱ्या अर्थानें त्या डोंगराचा नकाशा होतो.

समजा, शंभर हेक्टरांचा उतार जळाला आहे. अशा तपासणीनंतर बहुधा असें दिसून येईल कीं, त्यांतील मोठा भाग सपाट माथ्यावरचा असून तेथें मुळें जिवंत आहेत. तेथें माणसानें कांहीं करूं नये, केवळ पहिले दोन महिने गुरें चढूं देऊं नयेत. दुसरा भाग मध्यम उताराचा. तेथें जळक्या काटक्या व तोडलेलीं झुडपें समपातळींत आडवीं रचून ठेवलीं तरी पुष्कळ माती अडते. तिसरा भाग लहान, कदाचित् दहा-पंधरा हेक्टरांचा, परंतु तीव्र उताराचा आणि थेट तलावाच्या नाल्यावर उतरणारा. सर्व श्रम व पैसा येथें खर्च करावयाचा : घळींच्या मुखाशीं अनगड दगडांचे बांध, आणि त्यांच्या वरच्या अंगास जमेल तेथें सलग समतल चर. माथ्यापासून पायथ्याकडे हा पाणलोटाच्या कामाचा जुना नियम येथेंही सोडूं नये. वरचें पाणी मोकळें ठेवून खालीं बांध घातला, तर पहिलीच सर तो फोडते. मात्र चर खणतांना माती मोकळी होते, हेंही ध्यानांत ठेवावें. पाऊस तोंडावर आला असेल तर कुदळीपेक्षां दगड व काटक्या बऱ्या. अमेरिकेंत जळलेल्या उतारांवर गव्हाचें काड पसरतात. परंतु ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत वैरणीची पेंढी दुर्मिळ, तेथें काड डोंगरावर पसरण्याचा उपदेश कोणी करूं नये. शास्त्र परदेशांतून घ्यावें. उपाय मात्र आपल्या गोठ्यास विचारून ठरवावा.

हें काम करणार कोण, हा प्रश्न बीड जिल्ह्यांत निराळ्याच तऱ्हेनें उभा राहतो. येथील लक्षावधि माणसें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि गाळपाचा हंगाम संपल्यावर चैत्राच्या आसपास परततात. म्हणजे वणव्याच्या ऐन दिवसांत आग विझविणारे हात गांवांत नसतात. पण हेच हात पावसापूर्वींच्या दीड-दोन महिन्यांत गांवीं असतात, आणि त्या वेळीं त्यांस काम हवें असतें. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रानें रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षांत आणली, ती अशाच रिकाम्या उन्हाळ्यासाठीं. एप्रिलच्या अखेरीस नकाशा तयार असेल, तर परतलेल्या माणसांस नेमकी जागा दाखवितां येईल. तो जुलैंत तयार झाला, तर तो केवळ नुकसानीचा पंचनामा ठरेल. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही संवय नकाशाच्या बाबतींत तरी सोडावयास हवी.

अशा नकाशांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो एका वर्षानें दिसत नाहीं. दर वर्षींचा दग्ध भूमीचा नकाशा जपून ठेवून पांच-दहा वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवले, म्हणजे कोणता उतार एकदां जळाला आणि कोणता वर्षांमागून वर्षें जळत आहे, हें स्पष्ट होतें. दर वर्षीं जळणाऱ्या उतारावर पालापाचोळा कधींच सांचत नाहीं, झाडांचीं रोपें कमरेएवढीं होण्यापूर्वींच मरतात, आणि शेवटीं चांगलें गवतही जाऊन नुसता मुरूम उरतो. आग बहुधा कोणत्या वाटेनें चढते, हेंही त्या नकाशांवरून दिसतें. मग जाळरेषा कोठें काढावी आणि कोणत्या गांवीं जाऊन चार शब्द बोलावे, हें ठरवितां येतें. आग लावणाऱ्यास धरण्यापेक्षां आग लागण्याची वाट बंद करणें सोपें असतें.

शहरांतील सुखवस्तु कुटुंबांस वाटेल कीं, डोंगरावरच्या या मातीशीं आपला काय संबंध ? संबंध नळाचा आहे. बीड शहरांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेली खजिना विहीर आजही लोक आवडीनें दाखवितात. भूमींत मुरलेल्या पाण्यावर मळे पिकवावे, अशी तिची योजना. पाणी साठविण्याची खरी जागा आधीं जमीन आणि मग तलाव, हें त्या काळच्या कारागिरांस ठाऊक होतें. डोंगरावरची माती गेली म्हणजे पाणी मुरण्याची जागा जाते, आणि तीच माती तलावांत येऊन बसली म्हणजे पाणी साठण्याची जागाही जाते; एका धुपेनें नुकसान दोनदां होतें. महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढून तलावांतील गाळ शेतांत नेण्यास उत्तेजन दिलें, हें चांगलेंच झालें. परंतु यंत्रांनीं उपसून, वाहनांनीं वाहून परत न्यावा लागणारा तो गाळ एके काळीं डोंगरावर फुकट पडलेला होता, आणि त्यास तेथें धरून ठेवण्यास गवताचीं मुळेंच पुरेशीं होतीं.

तात्पर्य, उपग्रहानें वणवा विझत नाहीं, आणि नकाशानें माती अडत नाहीं. माती गवत अडवितें, दगड अडवितात, माणसाचे हात अडवितात. नकाशाचें काम एवढेंच कीं, त्या हातांनीं आधीं कोठें जावें हें वेळेवर सांगावें. ते हात जर मृगापूर्वीं नेमक्या उतारावर पोंचले, तर बालाघाटच्या बाबतींत तरी असें म्हणतां येईल कीं, आग रामेश्वरीं लागली आणि बंबही रामेश्वरींच आला.